विश्लेषण : कमरेला पिस्तूल, पण होल्स्टर कोणते? चंद्रपूर-गडचिरोलीतील परवानाधारकांनी काय पाहावे?

पेट्रोल पंपावर दुचाकीवरून उतरलेला माणूस पाकीट काढायला हात मागे नेतो. शर्ट वर सरकतो आणि पँटमध्ये नुसतीच खोचलेली रिव्हॉल्व्हरची मूठ रांगेतल्या सगळ्यांना दिसते. कोणी दोन पावले मागे सरकतो, कोणी ‘मोठा माणूस दिसतो’ म्हणून वाट करून देतो. चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्घुसच्या कोळसा पट्ट्यात हे चित्र कोणाला अनोळखी वाटणार नाही. परवाना खिशात असल्याने आपण कायद्यात बसतो, असे या माणसाला वाटते. प्रत्यक्षात तो कायदा मोडत असतो आणि गोळीचे तोंड त्याच्याच मांडीकडे असते. शस्त्राच्या किमतीवर दीड-दोन लाख खर्च करणारे लोक ते ठेवण्याच्या साधनावर पाचशे रुपये खर्च करताना घासाघीस करतात. दुखण्याचे मूळ तिथेच आहे.

कायदा होल्स्टरबद्दल काही सांगतो का?

सांगतो, आणि अगदी स्पष्ट सांगतो. शस्त्र कायदा १९५९ चा. त्याखालील सध्याचे नियम २०१६ चे. त्यांतील नियम ३२ नुसार सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर न्यायचे असेल तर ते त्यासाठीच बनवलेल्या होल्स्टरमध्ये, अंगाला बांधलेले असले पाहिजे किंवा तशाच पिशवीत असले पाहिजे. ते पूर्णपणे झाकलेले असावे आणि नेणाऱ्याचा त्यावर पुरता ताबा असावा, या दोन अटी सोबत आहेत. शस्त्र उगारणे, मिरवणे याला याच नियमात मनाई आहे.

म्हणजे अमेरिकेतल्या काही राज्यांत ‘उघडे न्यायचे की लपवून’ असा जो वाद चालतो, तो आपल्याकडे उद्भवतच नाही. आपल्याकडे झाकणे हाच नियम आहे. शर्टाखालून मूठ डोकावणे ही ऐट नसून परवाना गमावण्याची वाट आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर तर निष्काळजीपणे शस्त्र वापरून इतरांच्या जिवाला धोका निर्माण करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. वरातीत हवेत गोळी झाडणारेही याच कलमात येतात.

नुसते खोचले तर काय बिघडते?

अमेरिकी फुटबॉलचा नामवंत खेळाडू प्लॅक्सिको बरेस नोव्हेंबर २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या एका नाइट क्लबमध्ये गेला, तेव्हा त्याने पिस्तूल असेच, होल्स्टरशिवाय, ढिल्या पँटच्या कमरेत खोचले होते. ते खाली घसरले. त्याने झटकन पकडायला हात घातला आणि ट्रिगरवर बोट पडले. गोळी त्याच्याच मांडीतून गेली. जखम भरली, पण बेकायदा शस्त्र बाळगल्याबद्दल पुढच्या वर्षी दोन वर्षांची शिक्षा झाली आणि ऐन भरातली कारकीर्द तुटली.

आपल्याकडचे उदाहरण अजून ताजे आहे. १ ऑक्टोबर २०२४ रोजी पहाटे अभिनेते गोविंदा यांच्या स्वतःच्या परवानाधारक रिव्हॉल्व्हरमधून सुटलेली गोळी त्यांच्या डाव्या पायात गुडघ्याखाली घुसली. कपाटात ठेवताना ते हातातून निसटून पडले, असे तेव्हा सांगण्यात आले. दोन्ही घटनांमध्ये ना शत्रू होता, ना झटापट. शस्त्र पडले किंवा घसरले, एवढेच घडले.

पिस्तूल नीट बसलेल्या होल्स्टरमध्ये असताना आपोआप उडत नाही. अपघात होतो तो ते काढताना, परत घालताना, घसरल्यावर पकडताना आणि ‘बघू बघू’ म्हणून हातात खेळवताना. दिवसातून जितक्या कमी वेळा शस्त्राला हात लागेल तितके बरे. होल्स्टरचे खरे काम तेच.

आरामाचा आणि सुरक्षेचा संबंध काय?

हा प्रश्न बहुतेक जण उलटा विचारतात. ‘थोडे टोचले तरी चालेल, सुरक्षित असले म्हणजे झाले,’ असे म्हणतात. पण टोचणारे होल्स्टर तासाभरात कमरेवरून निघते. मग पिस्तूल गाडीच्या बाजूच्या सीटवर येते, डॅशबोर्डच्या कप्प्यात जाते, दुचाकीच्या डिकीत पडते, लग्नाच्या हॉलमध्ये जावयाच्या बॅगेत जाते. तिथून ते चोरीला जाते किंवा लेकरांच्या हाती लागते. जे दिवसभर अंगावर राहू शकत नाही ते होल्स्टर सुरक्षित नाही, मग ते कितीही मजबूत असो.

आपल्या भागात हा प्रश्न अधिक टोकाचा होतो. चंद्रपूर-ब्रह्मपुरीचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जातो. घामाने शर्ट पाठीला चिकटतो, पँटच्या आतले चामडे भिजते, कातडी सोलवटते. अशा वेळी जाकीट घालून शस्त्र झाका, हा परदेशी सल्ला निरुपयोगी आहे. इथे झाकायला सुती, थोडा सैल, पट्ट्याखाली वीतभर उतरणारा आणि बाहेर सोडलेला शर्ट हाच उपाय. गडद किंवा चौकड्यांच्या कापडात उंचवटा कमी दिसतो.

दुसरे म्हणजे आपले बसणे. परदेशी होल्स्टर खुर्चीवर आणि मोटारीत बसणाऱ्या माणसासाठी घडवलेले असते. आपण पंगतीला मांडी घालून बसतो, सतरंजीवर बैठका घेतो, शेताच्या धुऱ्यावर उकिडवे बसतो. पोटाच्या पुढे, बेंबीजवळ लावलेले होल्स्टर मांडी घातली की नळीचे टोक जांघेत रुतवते. आणि देशी पद्धतीच्या शौचालयाचे काय करायचे, हे कुठल्याच माहितीपत्रकात लिहिलेले नसते. पट्टा सैल केला की होल्स्टर लोंबते आणि उकिडवे बसताना पिस्तूल निसटते. ते काढून खिडकीच्या चौकटीवर ठेवणारा माणूस ते तिथेच विसरतो. त्यामुळे मुठीवरून येणारी बटणाची पट्टी असलेले होल्स्टर इथे जास्त उपयोगी. अगदी काढायचेच झाले तर पिस्तूल होल्स्टरमधून न काढता होल्स्टरसकट काढावे आणि डोळ्यांसमोर ठेवावे.

नेत्यांच्या खादीबद्दलही एक शब्द. कुर्ता झाकायला उत्तम, पण नाडीचा पायजमा पाऊण किलोचे ओझे पेलू शकत नाही. कुर्त्याच्या खिशात पिस्तूल टाकणे तर सर्वांत वाईट. त्याच खिशात किल्ल्या, पेन आणि मोबाइल असतो आणि यांपैकी कोणतीही वस्तू ट्रिगरमध्ये अडकू शकते. पोटाला बांधायच्या रुंद इलॅस्टिक पट्ट्याचा पर्याय आहे, मात्र त्यात ट्रिगरवर कडक आवरण असेल तरच तो घ्यावा.

दुकानात गेल्यावर काय तपासायचे?

सर्वांत आधी ट्रिगर. होल्स्टरने ट्रिगर आणि त्याभोवतीचे कडे पूर्ण झाकले पाहिजे. आणि ते आवरण इतके कडक हवे की बाहेरून कितीही दाबले तरी ट्रिगरला स्पर्श होऊ नये. ही एक अट पूर्ण होत नसेल तर पुढचे काही पाहायची गरज नाही.

दुसरे, ते आपल्याच शस्त्राच्या मापाचे हवे. ‘सगळ्यांना बसते’ म्हणून विकले जाणारे नायलॉनचे होल्स्टर नीट कोणालाच बसत नाही. आपल्याकडे सर्वसामान्य परवान्यावर प्रामुख्याने .३२ बोअरची शस्त्रे मिळतात, पण त्यांचेही आकार वेगळे. कानपूरच्या कारखान्यातून २०१४ मध्ये आलेली, महिलांसाठी म्हणून गाजलेली ‘निर्भीक’ सुमारे ५०० ग्रॅमची. तिथलेच २०२३ मध्ये आलेले ‘प्रबळ’ तिच्याहून जड. रिव्हॉल्व्हरचे चक्र फुगीर, तर पिस्तूल चपटे. एकाचे होल्स्टर दुसऱ्याला लावले की ते ढिले तरी पडते किंवा अडकते तरी.

तिसरे, पकड. घरी आल्यावर ही चाचणी करता येते. पिस्तूल असेल तर मॅगझिन काढून चेंबर दोनदा तपासावे, रिव्हॉल्व्हरचे चक्र उघडून सगळी घरे रिकामी आहेत ना पाहावे. काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवावीत. मग शस्त्र होल्स्टरमध्ये घालून ते पलंगाच्या गादीवर उलटे धरून हलवावे. पडले तर होल्स्टर परत करावे. त्यानंतर ते अंगावर चढवून मांडी घालावी, उकिडवे बसावे, दुचाकीवर टांग टाकावी, चपलेचा पट्टा लावायला वाकावे. तासभर असे घरात वावरले की कुठे टोचते ते कळते. खरेदीपूर्वी हे करू देणारा दुकानदार क्वचितच मिळेल, पण विचारायला हरकत नाही.

चौथे, तोंड. पिस्तूल बाहेर काढल्यावर होल्स्टरचे तोंड उघडे राहिले पाहिजे. मऊ चामड्याचे किंवा कापडी होल्स्टर चपटे होते, मग परत घालताना त्याची दुमडलेली कड ट्रिगरमध्ये शिरते. शर्टाचे टोक, विंडचीटरची दोरी यांमुळेही असेच अपघात घडतात. म्हणून परत घालताना घाई नको. नजर होल्स्टरवर, शर्ट दुसऱ्या हाताने वर धरलेला आणि बोट ट्रिगरपासून लांब.

चामडे घ्यायचे की प्लास्टिक? जाड, कडक चामडे अंगाला सोसते, कालांतराने शरीराचा आकार घेते. पण जून ते सप्टेंबर ते ओलावा धरून ठेवते आणि शस्त्राला गंज चढतो. उष्णता देऊन साच्यात घडवलेले कडक प्लास्टिक पाणी पीत नाही, पुसले की स्वच्छ. मात्र ते अंगाला टोचते. त्याच्या आत, कातडीच्या बाजूला, चामड्याचा किंवा कापडाचा थर असलेले मिळाले तर आपल्या हवेला तेच सोयीचे. चामडे वापरणाऱ्याने रात्री शस्त्र त्यात ठेवू नये, पुसून वेगळे ठेवावे.

पट्ट्याकडे मात्र कोणीच पाहत नाही. ऑफिसला घालायचा मऊ बेल्ट शस्त्राच्या वजनाने मुरडतो आणि पिस्तूल बाहेरच्या बाजूला कलंडते. दीड इंच रुंदीचा दुपदरी, कडक पट्टा घेतल्यास साधे होल्स्टरही नीट बसते.

दुचाकीवर कोणती जागा योग्य?

बेंबीला घड्याळातले बारा मानले तर उजव्या हाताने काम करणाऱ्यासाठी तीन ते चार वाजण्याची जागा, म्हणजे उजव्या कुशीपासून किंचित मागे, ही सर्वांत सोसणारी. पाठीच्या मधोमध, मणक्यावर, शस्त्र कधीही लावू नये. आलापल्ली किंवा एटापल्लीकडच्या रस्त्यांवर खड्ड्यात दुचाकी घसरून माणूस पाठीवर आपटला तर ते लोखंड थेट मणक्यावर बसते. शिवाय मागे बसलेल्याच्या हाताला ते सहज लागते. काखेतले होल्स्टर सिनेमात शोभते. झाकायला कोट लागतो आणि त्याच्या काही प्रकारांत नळी सतत मागच्या माणसाकडे रोखलेली राहते. घोट्याला बांधण्याचा विचार चिखलातून चालणाऱ्याने करू नये.

पर्समध्ये ठेवले तर?

साडी किंवा सलवार-कमीजवर कमरेचे होल्स्टर बसवणे कठीण, म्हणून महिलांना पर्स सुचवली जाते. ३० डिसेंबर २०१४ रोजी अमेरिकेतील आयडाहो राज्यात एका दुकानात आईच्या पर्समधले पिस्तूल तिच्या दोन वर्षांच्या मुलाने काढले आणि सुटलेल्या गोळीने ती जागीच गेली. त्या पर्सला शस्त्रासाठी चेन असलेला वेगळा कप्पा होता, तरीही. पर्स खांद्यावरून उतरते, खुर्चीला अडकवली जाते, हिसकावली जाते. ‘पुरता ताबा’ ही कायद्याची अट तिथेच तुटते. पर्सशिवाय इलाजच नसेल तर वेगळ्या, कुलूपबंद कप्प्यात, ट्रिगर झाकणाऱ्या होल्स्टरसह ठेवावे आणि पर्स खांद्यावरून उतरू देऊ नये.

वाघाच्या भीतीने जंगलात नेता येईल का?

या दोन जिल्ह्यांत हा प्रश्न हमखास विचारला जातो आणि भीती खोटी नाही. सीटी-१ या वाघाला ऑक्टोबर २०२२ मध्ये वडसा परिसरात बेशुद्ध करून पकडले, तोवर त्याने १३ जणांचा बळी घेतला होता. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या.

पण .३२ बोअरची गोळी वाघाला किंवा चवताळलेल्या रानडुकराला थांबवणारी नाही, जखमी करून अधिक धोकादायक करणारी आहे. आणि कायदा इथे आणखी कडक होतो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम ३१ नुसार मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र नेता येत नाही. राष्ट्रीय उद्यानालाही हेच लागू. ताडोबा, अंधारी, चपराळा, भामरागड, कुठेही शर्टाखाली होल्स्टर लावून आत शिरणे हा गुन्हा आहे. सफारीला जाणाऱ्याने शस्त्र घरीच ठेवावे, प्रवेशद्वारावर ‘गाडीतच राहू दे’ अशी विनवणी करण्याची वेळ आणू नये.

त्यातली मेख अनेकांना माहीत नसते. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना वन्यप्राणी मारला गेला तर कलम ११ संरक्षण देते. मात्र त्या क्षणी तो माणूस याच कायद्याचे उल्लंघन करत असेल तर ते संरक्षण त्याला मिळत नाही. विनापरवानगी पिस्तूल घेऊन अभयारण्यात शिरलेला माणूस, ज्या बचावाच्या भरवशावर शिरला, तोच बचाव गमावून बसतो. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकांनी वन्यजीव अधिकाऱ्यांकडे नोंदणी करावी, असेही कलम ३४ सांगते. ताडोबाच्या कडेने राहणाऱ्या किती जणांनी ती केली आहे, हे त्यांनी स्वतःलाच विचारावे.

आणखी कुठे नेऊ नये?

जत्रा, धार्मिक मिरवणूक, सार्वजनिक सभा आणि शाळा-महाविद्यालयांचे आवार येथे जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या खास परवानगीशिवाय शस्त्र नेता येत नाही, ही परवान्यावरचीच अट आहे. म्हणजे चैत्रातील महाकाली यात्रा, महाशिवरात्रीची मार्कंडा यात्रा आणि मुलाच्या शाळेतले स्नेहसंमेलन, तिन्हीकडे नाही. सिरोंचाहून गोदावरीचा पूल ओलांडून कालेश्वरला दर्शनाला जाणाऱ्याने परवान्याची हद्द आधी वाचावी. तो महाराष्ट्रापुरता असेल तर पुलापलीकडे ते शस्त्र बेकायदा ठरते, होल्स्टर कितीही चांगले असो.

साध्या वेशातील पोलिसांचे काय?

झाकून शस्त्र बाळगण्याची खरी गरज या भागात ज्यांनी वर्षानुवर्षे भोगली, ते गडचिरोलीचे पोलीस आहेत. नक्षलवाद्यांच्या ‘ॲक्शन टीम’ आठवडी बाजाराच्या गर्दीत मिसळून एकट्या-दुकट्या पोलिसाला हेरायच्या. मारायचे आणि हत्यार हिसकावून पसार व्हायचे, ही त्यांची रीत. अशा वेळी शर्टाखालचा उंचवटा म्हणजे ओळखपत्रच. होल्स्टर दिसू नये आणि मागून ओढले तरी हत्यार सुटू नये, या दोन्ही गोष्टी तिथे जीवन-मरणाच्या होत्या.

१५ ऑक्टोबर २०२५ रोजी भूपतीने साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रे खाली ठेवली, तेव्हापासून वातावरण निवळले आहे. तरी बंदोबस्त, अंगरक्षकाची ड्युटी आणि साध्या वेशातील काम थांबलेले नाही. पिस्तूल खरेदी करताना त्याच्या मापाचे, बटण किंवा अंतर्गत खटक्याने अडवणारे होल्स्टर आणि कडक पट्टा हा त्या खरेदीचाच भाग मानला पाहिजे. जवानाने ते स्वतःच्या पगारातून बाजारात शोधत फिरावे, हे योग्य नाही. आणि ते नव्या होल्स्टरसह रिकाम्या पिस्तुलावर काढण्या-घालण्याचा सराव ड्युटीच्या वेळेतच झाला पाहिजे.

सामान्य परवानाधारकाला असा सराव कोण देणार? २०१६ च्या नियमांत शस्त्र सुरक्षेच्या प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम आहे आणि त्यात शस्त्र सुरक्षितपणे बाळगण्याची पद्धतही येते. नूतनीकरणासाठी कागदपत्रे घेऊन जिल्हाधिकारी कार्यालयात जाणाऱ्याला ‘तुमचे होल्स्टर दाखवा’ असे मात्र कोणी विचारत नाही. तो प्रश्न विचारायला वेगळा निधी लागत नाही.